रातकिड्यांचे केळवण

जो जीव दुसऱ्याच्या पोटात जायचा आहे, त्याचे स्वतःचे पोट आधी नीट भरलेले असावे, हा कीटकपालनाचा पहिला नियम आहे. दुसरा नियम असा की हे काम प्रेमाने करावे, पण फार प्रेमाने करू नये. पहिला नियम आमच्या मंडळाने इतक्या कसोशीने पाळला की दुसऱ्याला सवडच मिळाली नाही. त्याचा हा अहवाल.

मंडळ म्हणजे रायपूरच्या पुरानी बस्तीतले मराठी स्नेहवर्धक मंडळ. सभासद कुटुंबे त्रेचाळीस. त्यातली निम्मी भोसल्यांच्या फौजेबरोबर आली आणि परत जायचे विसरली; उरलेली रेल्वेबरोबर आली आणि त्यांच्या बदलीच्या अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे. मंडळाची सर्वांत कार्यक्षम शाखा म्हणजे वधूवर सूचक समिती. ती दर गुरुवारी न चुकता भरते, कारण तिला दुसरे काही काम नाही. छत्तीसगढचे नवे राज्य झाले त्या वर्षीच्या, म्हणजे तेवीस वर्षांपूर्वीच्या, उत्साहात समितीने पाच हजार परिचयपत्रे छापून घेतली होती. त्यातली चार हजार सहाशे बारा आजही कोरी व सुस्थितीत आहेत. पोरे-पोरी पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला गेली आणि तिकडे आपापली लग्ने आपापल्या हाताने उरकू लागली. (पत्रिका येते. मोबाईलवर, मुहूर्त टळल्यावर.) गेल्या तीन वर्षांत समितीकडे एकच नाव आले. चौकशीसाठी फोन केला तेव्हा त्या मुलाच्या मुलीचे बारसे चालू होते.

समितीच्या अध्यक्ष वनमालाताई. त्यांनी आयुष्यात एकशे बारा लग्ने जमवली, त्यातली एकशे नऊ अजून रुसव्याफुगव्यासकट चालू आहेत. सचिव तुळशीराम, सरकारच्या रेशीम खात्यातून निवृत्त. म्हणजे अळ्यांचा छत्तीस वर्षांचा अनुभव. तिसरा मी. कोरमला तिसरा लागतो.

एप्रिलातल्या एका गुरुवारी या समितीपुढे दत्तोपंत येऊन बसले आणि म्हणाले की मला रोज खाता येईल असा एक किडा सुचवा.

दत्तोपंत रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे आम्ही शेवटपर्यंत ऐकले. किडा त्यांना स्वतःसाठी नको होता. त्यांची एकुलती एक मुलगी गंधाली नवा रायपूर या नव्या राजधानीत नोकरीला होती. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाशी ओळख व्हायला दोन वर्षे लागतात. त्या दोन वर्षांत तिने एक सरडा पाळला. येमेनकडचा, हिरवा, डोक्यावर पगडीसारखा तुरा, म्हणून नाव ठेवले यशवंतराव. (आपल्या बांधावरचा सरडा पाळणे हा गुन्हा आहे. परदेशातला रीतसर नोंदवून पाळणे ही हौस आहे. यशवंतरावांची कागदपत्रे पूर्ण होती. मंडळाच्या इमारतीची अजून व्हायची आहेत.) रंग बदलण्यावरचे विनोद वाचकांना आत्तापर्यंत सुचले असतील, ते मंत्रालयाच्या कँटीनमध्ये रोज होतात, इथे त्यांना जागा नाही.

मग गंधालीला बंगळूरची नोकरी लागली. तिकडच्या घरमालकाने करारात कुत्रा-मांजर नको असे लिहिले होते. सरड्याचा त्याने विचार केला नव्हता. गंधालीने प्रामाणिकपणे विचारले, तेव्हा केला. त्यामुळे ऑक्टोबरात यशवंतराव आपला जाळीचा पिंजरा, दिवा आणि कुंडीतले झाड घेऊन तिच्या आई-वडिलांकडे राहायला आले. पंधरा दिवसांसाठी.

आता यातली खरी गोष्ट. गंधालीचा फोन पूर्वी दर दुसऱ्या रविवारी यायचा. सरासरी लांबी चार मिनिटे, त्यातले एक मिनिट ‘हॅलो, आवाज येतो का’ यात जाई. यशवंतराव आल्यापासून तो रोज संध्याकाळी सातला येऊ लागला. सरासरी अकरा मिनिटे. पहिला प्रश्न ठरलेला, “बाबा, यशवंतराव ने खाया?” (आमच्या पोरांना मराठी सगळी समजते. ती फक्त बोलत नाहीत.) मग किती खाल्ले, जीभ नीट निघाली का, डोळे कसे आहेत. आणि नवव्या-दहाव्या मिनिटाला कधीकधी, “और आप लोग?” त्या एका प्रश्नासाठी दत्तोपंत नऊ मिनिटे सरड्याबद्दल बोलत. पद्मजाबाई, म्हणजे त्यांची पत्नी, फोनला दुसऱ्या बाजूने कान लावून उभ्या राहत. थोडक्यात, यशवंतराव जगले तर फोन जगणार होता.

हिवाळाभर गंधाली तिकडून कुरियरने रातकिडे पाठवत होती. एप्रिलात रायपुरात ऊन तापले आणि शंभराच्या डब्यात सत्त्याण्णव भाजलेले निघाले. उरलेल्या तिघांना धक्का बसला होता.

“आता इथेच पैदा करा लागते,” दत्तोपंत म्हणाले. “पण कोणता करू, ते मले समजून नाही राहिलं.”

समितीच्या डोळ्यांत तेवीस वर्षांचे पाणी आले. निवड, पारख, घराणे, अनुरूपता. वनमालाताईंनी कपाट उघडले आणि परिचयपत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

उमेदवारांची छाननी तीन गुरुवार चालली. पहिले नाव झुरळाचे. अंगाने भरलेले, आवाज नाही, उड्या मारत नाही, संसारी. परंतु मिळायचे सदर बाजारातले, एका मिठाईच्या दुकानामागचे. लहानपणापासून काय खाल्ले आणि त्यावर कोणी काय फवारले याची चौकशी कोणाकडे करणार? शिवाय पद्मजाबाईंनी कळवले की ज्याला तीस वर्षे चपलेने मारले त्याला आता वाडग्यात वाढणे जमणार नाही. नाकारले. पिठातली अळी: घरचीच, खर्च नाही, स्वभावाने थंड. पण पाठ टणक आणि अंगी सत्त्व बेताचे. सणासुदीला चालेल, रोजच्याला नाही. नवा रायपुरातल्या रिकाम्या प्लॉटांवरचा नाकतोडा: दिसायला फारच देखणा, उंचीला चांगला, परंतु शेजारच्या धानावर औषध मारतात आणि हा जेवायला तिकडेच जातो. शेणखतातली काळ्या माशीची अळी: कॅल्शियम भरपूर, तुळशीरामांचा जोरदार पाठिंबा, पण ‘मूळ गाव’ या रकान्यात काय लिहायचे यावर एकमत झाले नाही.

कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, अळीवर तुळशीराम अर्धा तास बोलले. ती इथलीच, छत्तीसगढची शान, मऊ, रसाळ. पण ती अर्जुनाचा नाहीतर साज्याचा (म्हणजे ऐनाचा) पालाच खाते, आणि वाढली की यशवंतरावांच्या तोंडात मावत नाही. या बाबतीत शास्त्राचा नियम असा आहे की किड्याची लांबी सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. वधू वरापेक्षा दोन इंच तरी बुटकी असावी या आमच्या नियमाशी तो तंतोतंत जुळल्याने समितीचा शास्त्रावरचा विश्वास वाढला.

शेवटी रातकिडा पसंत पडला. मध्यम बांधा, पचायला हलका, चपळ (म्हणजे सरड्याला व्यायाम), प्रजा भरपूर. दोष एकच, की नर गातो. वनमालाताईंनी शेरा मारला: ‘गायनाची आवड. हरकत नाही.’

पैदाशीचे काम तुळशीरामांच्या मागच्या पडवीत सुरू झाले. पद्धत सोपी आहे. प्लॅस्टिकचा मोठा टब, झाकणाला जाळी, आत लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. (तुळशीरामांच्या घरी अंडे चालत नाही. ते कोऱ्या ट्रेचा गठ्ठा बगलेत मारून गल्लीतून आले तेव्हा चार घरांनी पाहिले आणि सहा घरांनी सांगितले.) पाणी वाटीत ठेवू नये, रातकिडा त्यात बुडतो, ओला स्पंज ठेवावा. एका डब्यात ओली माती ठेवली की माद्या त्यात अंडी घालतात. ऊब लागते तीस अंश. ती देण्यासाठी परदेशात दिवे लावतात; आमच्याकडे पडवी ओल्या पोत्यांनी थंड करावी लागली. दहा-बारा दिवसांत तिळाएवढी पिल्ले फुटली. जूनअखेर पडवीत साधारण अकरा हजार रातकिडे होते. यशवंतरावांची गरज रोजची सहा.

इथवर सर्व ठीक होते. चूक पुढच्या ठरावात झाली.

तुळशीरामांनी समितीला समजावले की रातकिडा नुसता उचलून सरड्यापुढे टाकायचा नसतो. आदला पूर्ण दिवस त्याला उत्तम खाऊ घालायचे, म्हणजे त्याच्या पोटातले सत्त्व सरड्याच्या पोटात जाते. लाल भाजी, मुनग्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, गाजर, कोहळा. मग अंगाला कॅल्शियमची पांढरी पावडर लावायची, आणि पाठवायचे.

वनमालाताईंनी चष्मा काढला. “घर सोडून जायच्या आधी बोलावून जेवू घालायचं,” त्या म्हणाल्या, “अन् पावडर लावून पाठवायचं. हे तं केळवण झालं, भाऊ.”

इतिवृत्तात तसेच लिहिले गेले. ठराव क्रमांक सात: केळवण झाल्याशिवाय कोणत्याही रातकिड्याची पाठवणी करू नये.

बातमी गुरुवारी संध्याकाळी फुटली, शुक्रवारी सकाळी समितीकडे एकतीस अर्ज आले. याचे कारण समजून घेतले पाहिजे. केळवण करायला लग्न ठरलेला कोणीतरी हाताशी लागतो. त्रेचाळीस घरांपैकी एकोणचाळीस घरांतले असे सगळे बाहेरगावी. ती येतात ती लग्न झाल्यावर, दोन दिवसांसाठी, आणि त्यातही एक दिवस मॉलमध्ये. मंडळातले शेवटचे केळवण आठ वर्षांपूर्वीचे. त्यानंतर चांदीची ताटे माळ्यावर, पुरणयंत्रे कागदात. अशा घरांना अचानक सहा पाहुणे मिळत होते, जे पानात वाढलेले निमूटपणे संपवतात आणि ‘डाएट चालू आहे’ म्हणत नाहीत.

पाळ्या लावल्या. झाकणाला भोके पाडलेला चिवड्याचा डबा, आत सहा रातकिडे, असा एकेक संच एकेका घरी जाऊ लागला. पहिल्या आठवड्यात लाल भाजी आणि गाजरावर भागले. दुसऱ्या आठवड्यात एका घराने डब्याभोवती रांगोळी काढली, तेव्हा पुढच्या घराला औक्षण करणे भाग पडले. एका ठिकाणी शास्त्र डावलून श्रीखंड वाढले गेले. दोन रातकिडे त्यात रुतून गेले, तेव्हा समितीने परिपत्रक काढून पातळ व चिकट पदार्थांना मनाई केली. आहेर म्हणून मखमलीचे तुकडे येऊ लागले. नियमात ते बसत नव्हते, पण आहेर नाकारण्याचा नियमही नव्हता.

मग डबे परत यायला उशीर होऊ लागला. आधी एक दिवस. मग शनिवार आहे, शनिवारी कोणी पाठवत नाही. मग अमावास्या. जुलैअखेर समितीने मागवलेली कारणे अशी: ‘अजून अंगाने भरला नाही’ सतरा घरे, ‘पावसात कुठे पाठवता’ नऊ घरे, ‘एकाला बरे वाटत नाही, बाकीचे त्याच्याशिवाय राहणार नाहीत’ दोन घरे, आणि ‘गातो’ अकरा घरे.

हे शेवटचे कारण समितीने ग्राह्य धरले. पोरे गेल्यापासून त्या घरांतून दिवेलागणीला टीव्हीशिवाय आवाज नव्हता. आता स्वयंपाकघरातल्या फळीवरून कोणीतरी सारखे काहीतरी सांगत होते, आणि त्याला काय पाहिजे ते विचारता येत होते.

अशा रीतीने, अकरा हजार रातकिडे आणि एकोणचाळीस घरांचा आग्रह असताना, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यशवंतराव उपाशी पडले. ज्यांचे केळवण झाले ते सुटत नव्हते आणि ज्यांचे झाले नव्हते त्यांना केळवणाला रिकामे घर नव्हते, म्हणून ठराव सात सोडत नव्हता. तुळशीरामांच्या टबातून सरळ सहा उचलून द्यावेत असा विचार मी बैठकीत मांडला. “उपाशीपोटी?” असे वनमालाताईंनी विचारले, आणि मी तो मागे घेतला.

वाचक म्हणतील, दत्तोपंतांच्या स्वतःच्या घरी एक डबा असेलच. होता. यशवंतरावांच्या पिंजऱ्यापासून बारा पावलांवर, स्वयंपाकघराच्या फळीवर. पद्मजाबाईंची केळवणाची पाळी तीन आठवड्यांपूर्वी संपली होती.

दत्तोपंत रोज सातला फोनवर सांगत, “खाल्ले. सहाच्या सहा खाल्ले.” रेल्वेत त्यांनी पस्तीस वर्षे गहाळ पार्सल ‘मार्गस्थ’ असल्याचे सांगितले होते, आवाज कापायचे कारण नव्हते. पण यशवंतरावांचे डोळे खोल जाऊ लागले आणि दिवसाही मिटू लागले. हे लक्षण चांगले नसते. सातव्या दिवशी दुपारी पद्मजाबाई मंदिरात गेल्या असे पाहून दत्तोपंतांनी फळीवरचा डबा काढला. झाकणाला हात लावला तेवढ्यात त्या मागे उभ्या होत्या. छत्री विसरली होती.

“ठेवा तो डबा,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“अवं, तो मरून राहिला तिकडे.”

“मंग ह्याईले मारा.”

“त्याच्याचसाठी तं वाढवले नं आपण.”

पद्मजाबाईंनी डबा त्यांच्या हातातून घेतला आणि फळीवर ठेवला, जरा मागे. “एक वाढवली,” त्या म्हणाल्या, “अन् पावडर लावून पाठवून दिली. मी काही बोलली का तेव्हा? आता हे नाही पाठवत.”

हा संवाद दत्तोपंतांनी गुरुवारी समितीला जसाच्या तसा सांगितला आणि मार्गदर्शन मागितले. समितीने विषय पुढील बैठकीवर ढकलला.

नवव्या दिवशी गंधालीने फोनवर यशवंतराव दाखवा म्हटले. दत्तोपंतांनी कॅमेरा शक्य तेवढा झाडावर धरला. मग फोन कट. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गंधाली इथल्या माना विमानतळावरून टॅक्सी करून दारात. दिवाळीला सुट्टी मिळाली नव्हती, संक्रांतीला तिकीट मिळाले नव्हते, आईच्या मोतीबिंदूच्या वेळी प्रोजेक्ट होता. यशवंतरावांच्या डोळ्यांसाठी सोळा तासांत सर्व मिळाले. (ही तक्रार नाही. समिती फक्त नोंद घेते.)

चौकशीसाठी समितीही तिथे हजर होती, म्हणून पुढचे डोळ्यांनी पाहिलेले आहे. गंधालीने आधी यशवंतरावांना पाण्याचा फवारा मारला. ते जिभेने थेंब घेऊ लागले. मग तिने कान दिला, स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरचा डबा घेऊन आली. झाकण काढले, सहा रातकिडे पिशवीत टाकले, चिमूटभर पावडर, दोनदा हलवले, पिंजऱ्यात सोडले. यशवंतरावांनी एक डोळा उघडला. मग दुसरा, वेगळ्या दिशेला. जीभ हातभर बाहेर आली आणि आत गेली. पाच मिनिटांत सहा संपले. शंभर दिवसांच्या पारखीचे काम पोरीने उभ्या उभ्या उरकले; रांगोळी नाही, औक्षण नाही.

पद्मजाबाई दाराला टेकून पाहत होत्या. “चौथा गात होता,” त्या म्हणाल्या.

“कौनसा चौथा, आई?” गंधालीने विचारले.

वनमालाताईंनी वहीत वेळ लिहून घेतली.

गंधाली चार दिवस राहिली. तिने सांगितले की आता तिने घर बदलले आहे, नवी मालकीण स्वतः कासव पाळते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात रातकिडे डबीत मिळतात. यशवंतराव तिच्याबरोबर जाणार. तक्रार तिने केली नाही, आवाज चढवला नाही. विमानात सरडा घेत नाहीत, म्हणून रेल्वे ठरली. दत्तोपंतांनी आठवणीतले पार्सलचे सगळे नियम तपासले. हत्तीपासून मधमाशीपर्यंत सर्व निघाले, सरडा निघाला नाही. शेवटी ‘शोभेचे झाड, एक’ असे लिहायचे ठरले. (यशवंतरावांनी झाडावर बसून पूर्ण सहकार्य केले.) पद्मजाबाईंनी वाटेसाठी दशम्या, चटणी आणि तुळशीरामांकडून मागून आणलेले पन्नास रातकिडे बांधून दिले. केळवण न झालेले. समितीने दुर्लक्ष केले.

स्टेशनवर गाडी यायला वेळ होता. दत्तोपंतांनी झाडासकट यशवंतरावांना ठेवलेल्या टोपलीवरचा ओला पंचा दोनदा नीट केला, आणि मग मुलीकडे न पाहता टोपलीकडे पाहूनच विचारले, “आता तू फोन काहून करशील?”

“आप लोगों का हाल पूछने के लिए, बाबा.”

दत्तोपंतांनी यावर विचार केला. पार्सलच्या माणसासारखा, सगळ्या बाजूंनी. “आमचं तं ठीकच रायते,” ते म्हणाले. “रोज काय विचारशील?”

गाडी आली.

पहिल्या दिवशी सातला फोन आला. यशवंतराव पोचले, जेवले. दुसऱ्या दिवशी सव्वासातला आला. आई कशी आहे, बाबा कसे आहेत. दोघेही ठीक होते, त्यामुळे तीन मिनिटांत संपला. तिसऱ्या दिवशी आला, पण ती लिफ्टमध्ये होती. चौथ्या दिवशी मोबाईलवर लिहून आले, ‘ऑल गुड?’ दत्तोपंतांनी अंगठा पाठवला. पाचव्या दिवसापासून पुन्हा दर दुसरा रविवार.

या अनुभवाचा सांगोपांग विचार करून समितीने ठराव क्रमांक आठ एकमताने संमत केला आहे: बाहेरगावी नोकरीस जाणाऱ्या प्रत्येक मुलाने वा मुलीने जाताना घरी एक भूक लागणारा जीव ठेवून जावा. जीव शक्यतो नाजूक, दुर्मीळ आणि खाण्याच्या बाबतीत हट्टी असावा. आई-वडील या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यांना कधीही विचारले तरी ते आत्ताच जेवण झाल्याचे सांगतात. ठरावानुसार सरड्यासाठी एकोणचाळीस अर्ज आले असून रातकिडे समिती पुरवणार आहे. यावेळी केळवण दुसऱ्या गल्लीत ठेवले आहे, गाणे घरात ऐकू येणार नाही इतक्या लांब.

हा अहवाल वाचून काही वाचक आज घरी फोन करतील आणि जेवलात का म्हणून विचारतील, अशी समितीची अपेक्षा आहे. चांगली गोष्ट आहे. उपलब्ध आकडेवारीनुसार हे चार दिवस चालते. तेव्हा सगळे आजच विचारून टाकू नये. चौथ्या दिवसासाठी थोडे शिल्लक ठेवावे.